दगडाला वाचा फोडणारा माणूस

पुतळ्यांबद्दल आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, गावोगाव बाबासाहेबांचा पुतळा झालाच पाहिजे, चौक आपला झाला पाहिजे. दुसरा, त्यात कॉलेजातली पोरं जास्त, म्हणतो की पुतळे पुरे झाले, आता वाचनालय काढा. चौदा एप्रिलच्या वर्गणीची बैठक बसली की हे दोन तट एकमेकांवर तुटून पडतात. मी दोन्ही बाजूंनी घसा कोरडा केलेला आहे. पण या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. जो दगड उभा आहे तो बोलतो काय? नि कुणाच्या तोंडानं बोलतो?

हाच प्रश्न आयुष्यभर चौकाचौकांत विचारत फिरलेला एक माणूस आहे. तो आपल्या देशाचा नाही, आपल्या जातीचा तर नाहीच. पोलंडचा. नाव क्षिश्टॉफ वोदिच्को. जीभ वळायला जरा वेळ लागतो, पण दोस्तहो, कॉलेजात आपण याहून अवघड संस्कृत नावं पाठ केलीत. हे नाव पाठ करायला हरकत नाही.

त्याचा जन्म १९४३ च्या एप्रिलात, वॉर्सॉ शहरात. त्याच महिन्यात त्याच शहरात ज्यूवाड्याचं बंड पेटलं होतं. आपल्याकडं वाडा गावकुसाबाहेर असतो. हिटलरच्या लोकांनी शहराच्या पोटातच भिंत घातली नि तिच्या आत लाखो माणसं कोंडली. तिथून गाड्या भरभरून गॅसच्या भट्ट्यांकडं जायच्या. उरलेल्यांनी जी मिळतील ती हत्यारं उचलली. त्यानंतर तो वाडा सगळा जाळून सपाट केला. वोदिच्कोची आई ज्यू होती. माणसं मारून, त्यांची घरं पाडून, मग त्या मोकळ्या जागेवर कुणाचं स्मारक उभं राहतं हे बघतच हे पोर वाढलं.

युद्ध संपलं. पोलंडात कामगारांच्या नावानं राज्य आलं आणि चौकात कामगारांचे मोठमोठे पुतळे आले. पुतळ्यातला कामगार हातोडा उगारून उभा, खरा कामगार रांगेत उभा. बोलायची सोय नव्हती. १९६९ साली वोदिच्कोनं एक यंत्र बनवलं आणि ते अंगावर चढवून तो वॉर्सॉच्या रस्त्यावरनं चालला. कानाला हेडफोन, हातात मोजे. हात हलवला की रस्त्यावरचे काही आवाज ऐकू येणार, काही बंद होणार. ऐकायचं काय ते निवडता येणार, पण बोलायचं काहीच नाही. त्या देशातल्या नागरिकाची जी गत तीच त्या यंत्राची. वरनं बघितलं तर खेळणं. सरकारला त्यात बंदी घालावी असं काही सापडण्यासारखं नव्हतं.

१९७७ साली तो देश सोडून कॅनडात गेला, पुढं अमेरिकेत. तिथं बोलायची सोय होती. पण चौकातल्या इमारती तशाच गप्प आणि तशाच दांडग्या. बँक, कोर्ट, सैन्याचं स्मारक, सेनापतीचा घोडा. माणूस त्यांच्या सावलीतनं रोज जातो, मान वर करून बघतही नाही, आणि नेमकी तिथंच त्यांची सत्ता मुरते. ज्याच्याकडं आपण बघणं सोडून दिलं तेच आपल्यावर राज्य करतं. मनुस्मृती आपल्या आज्यानं कुठं वाचली होती? पण पाणवठ्यावर उभं कुठं राहायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९८० पासून वोदिच्कोनं एक काम धरलं. रात्री मोठ्या ताकदीचे स्लाइड प्रोजेक्टर लावायचे आणि इमारतीच्या अंगावर चित्र टाकायचं. जत्रेत तंबूतला सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तोच प्रकार. फक्त पडदा नाही, पडद्याच्या जागी कोर्ट किंवा पुतळा. चित्र साधं असायचं. हाताची मूठ, कुलूप, क्षेपणास्त्र. पण ते त्या दगडाच्या मापात असं बसवायचं की चित्र कुठं संपलं आणि इमारत कुठं सुरू झाली कळू नये. त्याची याबद्दलची मांडणीही रोखठोक आहे. हल्ला रात्री करायचा, इमारत झोपेत असताना, समोरून. आणि लोकांना त्या चित्राची सवय व्हायच्या आत ते काढून घ्यायचं, नाहीतर तेही सजावट होऊन बसतं.

आता लंडनची गोष्ट सांगतो. १९८५ साल. ट्रॅफल्गार चौक म्हंजे इंग्रजी साम्राज्याचं देवघर. मधोमध नेल्सन नावाच्या दर्यावर्दी सेनापतीचा उंच खांब. आजूबाजूच्या चौथऱ्यांवर कोण आहे ते ऐका. एकावर चार्ल्स नेपियर, १८४३ साली सिंध गिळणारा. दुसऱ्यावर हेन्री हॅवलॉक, १८५७ साली कानपूर-लखनौकडं फौज घेऊन गेलेला. आणि नेल्सनच्या खांबाच्या पायथ्याला, त्याच्या मरणाचं जे ब्राँझचं चित्र आहे, त्यात बंदूक धरलेला एक काळा खलाशी आहे. वर सेनापती एकटा ढगात, खाली पायाशी काळा माणूस. असा हिशेब प्रत्येक स्मारकात असतो. शोधला तर सापडतो.

वोदिच्कोला परवानगी मिळाली होती नेल्सनच्या खांबावर चित्रं टाकायची. त्यानं काटेरी तारेतलं क्षेपणास्त्र त्या खांबावर चढवलं. लोक बघत होते, ठीक चाललं होतं. पण त्या चौकाच्या एका अंगाला दक्षिण आफ्रिकेची वकिलात आहे. साऊथ आफ्रिका हाऊस. तेव्हा तिथं वर्णभेदी गोऱ्यांचं राज्य होतं, मंडेला तुरुंगात होते. वोदिच्को सांगतो की त्याच दिवसांत प्रिटोरियाच्या सरकारची माणसं पैशाची मदत मागायला लंडनात आली होती. त्यानं एक प्रोजेक्टर वळवला. वकिलातीच्या दर्शनी कमानीवरच्या त्रिकोणी माथ्यावर हिटलरचं स्वस्तिक जाऊन बसलं. असं बसलं की जणू गवंड्यानं तिथंच कोरलं होतं.

याची परवानगी नव्हती. दोनेक तास ते चित्र तिथं राहिलं. मग पोलीस आले आणि सार्वजनिक उपद्रव म्हणून बंद करायला लावलं. वर्णभेद हा उपद्रव नव्हता, वकिलात उपद्रव नव्हती. उजेड हा उपद्रव! पण ज्यांनी ते पाहिलं त्यांना पुढं ती इमारत स्वस्तिकाशिवाय दिसेना. माझ्या मते वोदिच्कोच्या सबंध कामात हे दोन तास सगळ्यात वजनदार आहेत. त्याला नंतर फाउंडेशनं मिळाली, बक्षिसं मिळाली, मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. पण हे दोन तास कुणी मंजूर केलेले नव्हते.

(जाता जाता एक सांगायचं राहील. ती वकिलात बांधणारा वास्तुकार हर्बर्ट बेकर. प्रिटोरियातल्या गोऱ्या सरकारच्या युनियन बिल्डिंग्ज त्यानंच बांधल्या, आणि दिल्लीतली सचिवालयं नि ती गोल संसदही त्याच्याच हातची, लट्यन्सच्या जोडीनं. त्याच गोल इमारतीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीपुढं उभे राहिले आणि राजकीय समतेत नि सामाजिक विषमतेत आपण पाऊल टाकतोय असं बजावून गेले. साहेबानं बांधलेल्या दगडाला असंही वळवता येतं. प्रोजेक्टर लागला नाही.)

त्या वकिलातीसमोर १९८६ च्या एप्रिलपासून रात्रंदिवस धरणं सुरू झालं, ते १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटेपर्यंत हललं नाही. ते काही वोदिच्कोमुळं झालं असं मी म्हणत नाही. लढा लढणाऱ्यांचाच असतो. पण पावसात, थंडीत चार वर्षं त्या फुटपाथवर उभं राहणाऱ्यांनी आणि दोन तास उजेड टाकणाऱ्यानं एकाच भिंतीवर काम केलं, एवढं खरं.

न्यूयॉर्कचं युनियन स्क्वेअर थोडक्यात सांगतो. १९८० नंतर तिथं बिल्डर घुसले. बागेची डागडुजी सुरू झाली, वॉशिंग्टन, लिंकन, लाफायेत यांचे पुतळे घासूनपुसून चकचकीत झाले आणि बागेत झोपणारी बेघर माणसं हाकलली गेली. आपल्याकडं मंत्री यायचा असला की झोपडपट्टीला कनात लावतात, तसलाच प्रकार. वोदिच्कोनं १९८६ साली एक प्रस्ताव मांडला. लिंकनच्या हाती कुबडी, वॉशिंग्टन व्हीलचेअरवर. हाकललेल्या माणसांची लक्षणं त्या महापुरुषांच्या अंगावर. प्रत्यक्ष बागेत ते झालं नाही, गॅलरीच्या भिंतीवरच दाखवलं गेलं. त्यानंतर त्यानं बेघरांशी बोलूनच एक ढकलगाडी बनवली, १९८८-८९ च्या सुमारास. रात्री तिच्यात झोपायचं, दिवसा बाटल्या नि डबडी गोळा करून ठेवायची, कारण ती परत दिली की दुकानदार पैसे देतो. लोक म्हणाले, हा काय बेघरांचा प्रश्न सोडवायचा मार्ग आहे? नव्हताच. गाडी दिसली की रस्त्यावर झोपणारा माणूस दिसायचा, एवढंच तिचं काम. कागदकाच वेचणाऱ्या आपल्या बाया रोज डोळ्यांसमोरून जातात, त्या कुणाला दिसतात?

इथवर वोदिच्को स्वतः चित्र टाकत होता. म्हंजे त्यानं ठरवायचं, दगडानं काय बोलायचं. पुढं त्यात बदल झाला, आणि मला खरं बोलायचंय ते त्या बदलाबद्दल. १९९६ साली तो पोलंडच्या क्राकोव शहरात गेला. जुन्या बाजारचौकात नगरभवनाचा मनोरा आहे. या वेळी त्यानं हलती चित्रं आणि आवाज आणला. मनोऱ्यावर हात दिसायचे आणि चौकभर आवाज घुमायचा. नवऱ्याचा मार खाणारी बाई स्वतः बोलत होती. कॅथलिक शहर, भिंतीभिंतीला चर्च. घरातली गोष्ट घरात ठेवायची रीत. आणि ती गोष्ट चौकात, मनोऱ्याएवढी उंच.

मग १९९८ च्या सप्टेंबरात बोस्टन. चार्ल्सटाऊन नावाचा भाग. तिथं बंकर हिलचा स्तंभ आहे. २२१ फूट उंच, दगडी, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला. चित्र बघाल तर एकदम ओळखीचा वाटेल, कारण आपल्या भीमा कोरेगावचा स्तंभ त्याच घाटाचा आहे. दोन्हींची पायाभरणीही जवळपासच्या वर्षांतली. कोरेगावची १८२१, बंकर हिलची १८२५. त्या काळात विजय किंवा हौतात्म्य म्हटलं की गोऱ्यांना मिसरचा हा स्तंभच सुचायचा.

बंकर हिलची लढाई १७ जून १७७५ ची. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली. टेकडी अखेर इंग्रजांनी घेतली, पण अमेरिकन असे लढले की हारही जयंतीसारखी साजरी झाली. त्या लढाईत काळे शिपाई होते. पीटर सेलम, सेलम पूअर ही नावं कागदोपत्री आहेत. १८४३ साली स्तंभाचं लोकार्पण झालं तेव्हा स्वातंत्र्यावर मोठमोठी भाषणं झाली आणि पाहुणा म्हणून अध्यक्ष जॉन टायलर हजर होता. तो स्वतः गुलाम बाळगणारा. स्वातंत्र्याचा स्तंभ आणि समोर गुलामांचा मालक टाळ्या वाजवतोय.

या स्तंभाच्या पायथ्याशी जी वस्ती, ती आयरिश मजुरांची, गोदी कामगारांची. गोरीच, पण गरीब. सांगायला पाहिजे, यांच्यातल्याच पुष्कळांनी १९७५ साली काळ्या पोरांना शाळेत आणणाऱ्या बसगाड्यांना विरोध केला होता. म्हंजे ही काही आपली लाडकी माणसं नव्हेत. पण त्या वस्तीत खून पडत होते. तरणी पोरं मारली जात होती, दिवसाढवळ्या, चारचौघांत, आणि बघितलेला एकही माणूस पोलिसाकडं तोंड उघडत नव्हता. वस्तीचा अलिखित कायदा तो. आपली गोष्ट बाहेर न्यायची नाही. पोलीस परके, कोर्ट परकं, जो बोलला तो गद्दार. त्यामुळं खुनी तिथंच राहायचा आणि मेलेल्याची आई रोज त्याला किराण्याच्या दुकानात बघायची. शेवटी पोरं गमावलेल्या आयाच एकत्र आल्या. त्यांनी गप्प बसायला नकार दिला.

वोदिच्को या आयांकडं गेला. तीन संध्याकाळी तो स्तंभ बोलला. एकेक बाई, एखादा भाऊ, त्या उंच दगडाच्या अंगावर चेहरा नि हात घेऊन उगवायची आणि सांगायची, माझं पोर कसं मेलं, मी काय पाहिलं, कोण आलं नाही. आवाज टेकडीभर जायचा. खाली शेजारपाजार उभा. ज्यांनी डोळे मिटले होते तेही त्यांच्यातच उभे असणार. २९४ पायऱ्यांचा तो स्तंभ, पर्यटक वर चढून शहर बघतात. त्या तीन रात्री शहरानं मान वर करून त्या आयांकडं बघितलं.

आता मला कोरेगावबद्दल बोलू द्या. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. तो स्तंभ कुणी उभारला होता? कंपनी सरकारनं. कशासाठी? पूर्वेकडं आपल्या फौजेनं मिळवलेल्या यशाची शेखी मिरवायला. आपल्यासाठी नाही. आणि त्याच इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. म्हंजे दगडावर नाव आणि छावणीच्या दारावर पाटी, प्रवेश नाही. शंभर वर्षं तो स्तंभ इंग्रजाच्या तोंडानं बोलत होता. बाबासाहेबांनी काय केलं? दगड फोडला नाही, रंग फासला नाही. दगडावरची नावं वाचली. ‘नाक’ लागलेली ती २२ नावं. आणि म्हणाले, ही आपली माणसं. त्या दिवसापासनं स्तंभ दुसरंच बोलायला लागला. साहेबाच्या विजयाचा खांब आपल्या शौर्याचा खांब झाला. त्याच वर्षी मार्चात महाडचं तळं झालं आणि डिसेंबरात मनुस्मृतीची होळी. सार्वजनिक जागेला आव्हान देण्याची कला कुणाला शिकायची असेल तर १९२७ साल काढून बसावं. युरोपातले कलावंत ज्याला पुढं पन्नास वर्षांनी कला म्हणायला लागले, ते आपल्या बापजाद्यांनी ओंजळीत पाणी घेऊन केलं. डोकी फुटली ती वेगळीच.

पण गड्यांनो, बंकर हिलची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. तिथला स्तंभ सरकारविरुद्ध बोलला नाही. तो वस्तीच्या आतल्या मुक्या कायद्याविरुद्ध बोलला. आपल्या वस्तीत असा कायदा नाही काय? व्यासपीठावर स्त्रीमुक्तीवर तास-तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी जाऊन बायकोला बडवतो. आख्ख्या चाळीला ऐकू येतं. सकाळी सगळे त्याला जयभीम घालतात. ती बाई कुणाकडं जाईल? पोलीस ठाण्यात गेली तर फौजदार तिची जात काढून हसतो. पंचांकडं गेली तर म्हणतात, बाई, चळवळीची बदनामी होईल, सवर्णांना आयतं कोलीत मिळेल. हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय, कोलीत. ज्या बाईच्या पाठीवर खरं कोलीत उठलंय तिलाच तो ऐकवतात. आपल्या चळवळीत बायका पहिल्यापासून होत्या, महाडला होत्या, काळारामला होत्या. पण त्यांच्या दारी जाऊन त्यांच्या तोंडून तो इतिहास गोळा करायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना निघावं लागलं, आणि ते पुस्तक यायला १९८९ साल उजाडलं. तोवर दगडावर कुणाची नावं होती? नावं पुरुषांचीच.

चार्ल्सटाऊनच्या आयांनी वस्तीची बदनामी केली असं तिथंही म्हणणारे असणारच. माझं म्हणणं एवढंच की खुनाची बदनामी खुन्याच्या नावावर लिहावी.

हिरोशिमाची गोष्ट मला आणखी जवळची वाटते. १९९९, ऑगस्टची ७ आणि ८ तारीख. बॉम्ब पडल्याचा दिवस सहा. त्या दिवशी भाषणं, घंटा, कबुतरं, पंतप्रधान, सगळं होऊन जातं. वोदिच्कोनं मुद्दाम दुसऱ्या दिवसाची रात्र धरली. बॉम्बनं मोडलेला तो घुमट नदीकाठी जपून ठेवलाय. त्यानं घुमटावर काही टाकलं नाही. खाली नदीच्या दगडी काठावर नुसते हात दाखवले. बोलणाऱ्याचे हात, एकमेकांत गुंतलेले, थरथरणारे. वर घुमट म्हंजे डोकं, खाली हात, आणि मधून पाणी वाहतंय. जळालेली माणसं त्या दिवशी पाण्याच्या आशेनं नदीकडंच धावली होती.

त्या आवाजांत कोरियन माणसं होती. हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. मजुरीला जबरीनं आणलेले हजारो कोरियन त्या शहरात होते, तेही मेले. १९७० साली त्यांचं स्मारक झालं, पण शांतता उद्यानाच्या बाहेर! मेल्यावरही गावकुसाबाहेर. एकाच बॉम्बनं एकाच क्षणी जळालेल्या माणसांत आतली आणि बाहेरची. ते स्मारक उद्यानात आलं १९९९ च्या जुलैत, म्हंजे वोदिच्कोच्या त्या रात्रीच्या महिनाभर आधी. स्मशान वेगळं असतं म्हंजे काय हे आपल्याला जपान्यांनी शिकवायची गरज नाही. पण आपल्याला वाटतं हे फक्त हिंदूंच्याच डोक्यातलं शेण आहे. तसं नाही. जात नसलेले लोकही जात तयार करतात.

२००१ साली मेक्सिकोत, अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या तिहुआना शहरात, त्यानं कारखान्यांत राबणाऱ्या बायांना बोलतं केलं. सरहद्दीलगत परदेशी मालकांचे जोडणीचे कारखाने आहेत, तिथं गावाकडनं आलेल्या पोरी कमी मजुरीवर राबतात. शहराच्या सांस्कृतिक केंद्राचा एक प्रचंड गोल घुमट आहे. बाईच्या डोक्यावर कॅमेरा आणि माइक बसवलेलं एक यंत्र, तिनं मान कशीही हलवली तरी चेहरा चौकटीत राहणार. आणि तो चेहरा घुमटभर, तिथल्या तिथं, बोलत असतानाच. घरातल्याच माणसानं केलेला अत्याचार, पोलिसांनी केलेला, कारखान्यातली छळणूक. शेकडो लोक खाली. रडत बोलल्या, थांबून बोलल्या.

इथं माझी वोदिच्कोशी तक्रार आहे. घुमटावरचा उजेड दोन रात्रींनी विझतो. बाई घरी जाते. घर तेच, मुकादम तोच, पोलीस तोच, आणि आता सगळ्या शहरानं तिचा चेहरा पाहिलेला. कलावंताला विमान धरता येतं. त्याची बाजू अशी की तयारीला महिनेन्‌महिने जातात, बाया आपापसांत बोलतात, संघटनांशी जोडल्या जातात, चौकात बोलणं हे त्या सगळ्याचं टोक असतं, आणि एकदा शहरासमोर बोललेली बाई पुन्हा पहिल्यासारखी मुकी होत नाही. असेलही. आपल्याकडच्या जलशांचं असंच होतं. गॅसबत्तीच्या उजेडात भीमराव कर्डकांसारखे जलसाकार वस्तीवस्तीत उभे राहायचे, सकाळी बत्ती विझायची. पण जलसा आपल्याच माणसांचा होता. जलसाकार पाटलाचा मार खायला दुसऱ्या दिवशी त्याच मुलखात असायचा. हा फरक मला मोठा वाटतो. ज्याची कला आहे तो आणि ज्याचं दुखणं आहे तो, हे दोघं वेगळे असले की कितीही प्रामाणिकपणा असला तरी मधे एक पायरी राहते. ही पायरी वोदिच्कोला ठाऊक आहे असं त्याच्या कामावरनं दिसतं. म्हणून तर तो हळूहळू स्वतःची चित्रं काढून घेत गेला आणि यंत्र दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत गेला. २०१२ साली तो पुन्हा त्याच युनियन स्क्वेअरमधल्या लिंकनपाशी आला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या हाती त्यानं कुबडी दिली होती, त्या लिंकनच्या अंगावर आता इराक, अफगाणिस्तान, व्हिएतनामहून परतलेले शिपाई चेहरा नि हात घेऊन बोलत होते. काही म्हणाले, युद्ध घरापर्यंत आलं, झोपेत येतं. पुतळ्याचा कोट, पुतळ्याचे बूट, आणि तोंड एका साध्या शिपायाचं.

आता आपल्या देशात बघा. २०१८ साली नर्मदेकाठी १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, जवळपास तीन हजार कोटींचा, आणि धरणानं उठवलेले आदिवासी त्याच नदीच्या मुलखात. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर २०१५ साली भूमिपूजन झालं, चौथऱ्यासकट ४५० फुटांचं आपल्या बापाचं स्मारक ठरलं. ती जागा लढून मिळवलीय, तिच्याबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली आणि रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांवर गोळीबार झाला, दहा जीव गेले. पुतळा म्हंजे नुसता दगड नव्हे हे आपण रक्त देऊन शिकलोय. पण म्हणूनच विचारतो. ४५० फुटांवरनं कोण बोलणार? उद्घाटनाच्या फलकावर ज्यांची नावं येतील ते? की गटारात उतरून गुदमरलेल्याची बायको?

१ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, कोरेगावला निघालेल्या आपल्या लोकांवर दगड पडले. त्यानंतर त्या प्रकरणात माणसं तुरुंगात गेली, वर्षानुवर्षं. म्हंजे बाबासाहेबांनी बोलका केलेला तो स्तंभ दोनशेव्या वर्षीही कुणाला तरी सहन होत नव्हता. मुका दगड असता तर कोण कशाला चिडलं असतं?

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जयपूर. राजस्थान हायकोर्टाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवला. न्यायाच्या दारात मनू. बसवल्यावर विरोध झाला, हायकोर्टाच्या न्यायाधीशांनीच तो हलवायचं ठरवलं, मग त्याला स्थगिती आली आणि प्रकरण तिथंच रुतलं. वकिलांच्या कागदांना जे तीस वर्षांत जमलं नाही त्यावर महाराष्ट्रातून गेलेल्या दोन बायांनी एका दुपारी हात घातला. प्रोजेक्टर नाही, फाउंडेशन नाही, परवानगीचा तर सवालच नाही. चौथऱ्यावर चढल्या आणि मनूला काळा रंग फासला. दोघींना पकडलं, गुन्हा नोंदवला. रंग पुसला गेला, पुतळा जागचा हलला नाही. पण फोटो देशभर गेला, आणि कितीतरी माणसांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हायकोर्टात मनू उभा आहे.